वाकळेच्या सोबतीच्या चार उश्या

काकूंनी पिशवीतून वाकळ काढून माझ्या कापायच्या टेबलावर पसरली, तेव्हा टेबल पुरलं नाही. दोन्ही बाजूंनी ती खाली लोंबत राहिली. मोजली तर ८८ इंच लांब, ६६ इंच रुंद. वजन एवढं की उचलताना दोन हात लागावेत. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि ही अस्सल वाकळ होती: आत जुन्या लुगड्यांचे तीन थर, वर सहा-सहा इंचांचे चौकोनी तुकडे आणि मधोमध एकच लाल चौकोन. तो काकूंच्या लग्नातल्या इरकली लुगड्याच्या पदराचा होता. धावदोरा कडेपासून सुरू होऊन फिरत फिरत त्या लाल चौकोनापाशी येऊन संपलेला.

काकूंचं म्हणणं साधं होतं. नात पुण्यात नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेली आहे. तिला पलंगावर ही वाकळ अंथरायची आहे आणि तिच्यावर शोभतील अशा चार उश्या हव्या आहेत. नातीने फोनवर मापं कळवली होती: पलंग ६० बाय ७८ इंच, त्यावर तीन चौकोनी उश्या आणि एक लांबट. सोबत एक फोटो होता, पांढऱ्या चादरीवर रचून ठेवलेल्या उश्यांचा. "मावशी, असंच काहीतरी, पण आजीच्या वाकळेला मॅच होईल असं करा," एवढीच सूचना.

गेली एकोणीस वर्षं मी शिवणकाम करते. अभ्रे, पडदे, सोफ्याची कव्हरं शेकड्यांनी शिवली आहेत. तरी हे काम माझं दोनदा फसलं. ते का, हे सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण घरी शिवलेल्या गोधडीवर उश्या करून मागणाऱ्या मुली आता माझ्याकडे वरचेवर येतात आणि प्रत्येकीच्या तोंडी तोच शब्द असतो: मॅच.

आधी वाकळेबद्दल. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्यात काकूंचं गावभागातलं घर बुडालं. लुगड्यांची पत्र्याची ट्रंक आठवडाभर पाण्यात होती. उघडली तेव्हा आत गाळ होता, एकाचा रंग दुसऱ्याला लागलेला, काही घड्यांना बुरशी. काकूंनी तीन दिवस नुसती धुणी धुतली. जे हातात फाटलं ते टाकलं, जे टिकलं ते वाळवून ठेवलं आणि पुढच्या वर्षी घरात अडकून पडलेल्या दिवसांत त्याची ही वाकळ शिवली. जवळून पाहिलं की पिवळ्या तुकड्यांवर गाळाची फिकट तपकिरी झाक दिसते. हिरवा कुठेच हिरवा राहिलेला नाही, पाण्यात भिजलेल्या शेवाळासारखा झाला आहे. हे रंग कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

पहिला प्रयत्न

मी केलं ते असं. वाकळ घेऊन बाजारात गेले आणि भर उजेडात कापड लावून लावून पाहिलं. मधल्या लाल चौकोनाशी एक खण तंतोतंत जुळला. खण म्हणजे आपल्याकडे ओटीत त्रिकोणी घडी घालून देतात तोच, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. इरकली ज्या इलकलची, ते गावही त्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे लुगडं आणि खण हे नातं मला मनापासून पटलं होतं. पन्हा अरुंद असल्याने काठ कुठे येईल याचा हिशेब करून कापड घेतलं. त्याच लाल रंगाची उरेब, म्हणजे तिरकी, पट्टी कापून कडेला पायपिंग, खालच्या शिवणीत लपवलेली चेन, कोपरे टोकदार. एक नमुना शिवून काकूंच्या घरी गेले.

वाकळेवर उशी ठेवली आणि आम्ही दोघी गप्प राहिलो. शिवणीत काही खोट नव्हती. पण वाकळ एकदम जुनी, मळकी दिसायला लागली. एवढा वेळ जी झाक मायेची वाटत होती, ती नव्या खणाच्या चकाकीशेजारी डाग वाटू लागली. काकू म्हणाल्या, "छान शिवलंयस गं. पण ही पाहुणी वाटती. आमच्या घरातली न्हाई वाटत."

लाल रंग तंतोतंत जुळला होता, आणि नेमकं तेच नडलं. वाकळेतला लाल हा ६६ इंचांच्या पसाऱ्यात सहा इंचांचा एक ठिपका आहे. तोच रंग मी सतरा-सतरा इंचांच्या उश्यांवर भरायला निघाले होते. मधल्या चौकोनाचं मोल त्याच्या एकटेपणात होतं, ते मी मोडत होते.

त्यात घरी येऊन आणखी एक गोष्ट केली, जी खरेदीच्या आधी करायला हवी होती. पांढरा रुमाल ओला करून खणावर दहा-बारा वेळा दाबून घासला. रुमाल गुलाबी झाला. हा खण वाकळेवर ओल्या हाताचा, घामाचा, सांडलेल्या पाण्याचा स्पर्श होताच रंग सोडणार होता. पुष्कळ जणी सांगतात की मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो. रंगवताना मिठाने रंग धाग्यावर चांगला चढतो हे खरं, पण रंगवून झालेल्या कापडाला मिठाचं पाणी काही बांधून ठेवत नाही. कच्चा रंग कच्चाच राहतो. ज्या वाकळेने एकदा पुराच्या पाण्यात रंग गमावला, तिच्यावर रंग जाणारं कापड ठेवणं मला कबूल नव्हतं. तो नमुना बाजूला ठेवला.

वाकळ पुन्हा मोजली

दुसऱ्या खेपेला मी रंग पाहणं सोडलं आणि वाकळ कशी बनली आहे ते पाहिलं. टेप घेऊन, टॉर्च घेऊन. एका इंचात चार टाके. दोन ओळींत अर्धा इंच अंतर, कुठे थोडं कमी, कुठे जास्त. दोरा पांढरा, जाड, सुती. तुकडे एकमेकांना जोडलेले नाहीत, तर कडा आत दुमडून खालच्या कापडावर मांडलेले आणि धावदोऱ्याने पकडलेले. सगळ्या पृष्ठभागावर बारीक चुण्यांची एक लाट आहे, कारण प्रत्येक टाका कापडाला किंचित ओढून घेतो. वाकळ ओळखू येते ती या लाटेवरून. तुम्ही रंग कितीही बदला, ही लाट असेल तर ती वाकळच वाटते. नव्या खणाच्या ताणलेल्या उशीत ती नव्हती.

मग ठरलं: उशीला वाकळेचा रंग द्यायचा नाही, वाकळेची शिवण द्यायची.

कापड काकूंकडेच होतं. वाकळेतून उरलेल्या लुगड्यांचं एक गाठोडं त्यांनी माळ्यावरून काढलं. एकेक तुकडा मी खिडकीपाशी उजेडात धरला. जिथून उजेड जाळीसारखा येतो तिथे कापड विरलेलं. मग दोन्ही अंगठ्यांनी उभ्या आणि आडव्या धाग्यात हलका ताण दिला. करकर आवाज आला की तो तुकडा बाद. नऊवारी म्हणजे नऊ वार, २७ फूट कापड, पण सगळीकडे ते सारखं झिजत नाही. कासोट्याचा, बसायचा भाग आधी जातो. कमरेपाशी निऱ्यांत दडलेला भाग सर्वात शाबूत असतो. काकूंना हे सांगावं लागलं नाही, प्रत्येक तुकडा हातात घेताच त्या सांगत होत्या, हा निऱ्यांतला, हा मागचा.

काठाचं वेगळं. काठाचा एक धागा काढून जाळला तर कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख उरली. खरं रेशीम असतं तर केस जळल्याचा वास आला असता. म्हणजे हे कृत्रिम रेशीम, आणि ते ओलं असताना दुबळं पडतं. त्यामुळे काठ जपून, थोडा वापरायचा आणि धुताना पिळायचा नाही, हे तिथेच ठरलं.

विरलेल्या कापडाला खाली आधार हवा. त्यासाठी मांजरपाट आणलं, इचलकरंजीच्या मागावरचं, कोरं. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासून आमच्या भागातल्या शिवणाऱ्यांना सुती कापडासाठी लांब जावं लागलेलं नाही. कोरं मांजरपाट मात्र तसंच वापरायचं नसतं. मी एक मीटरवर खडूने खुणा करून रात्रभर भिजवलं, कढत पाण्यातून काढून वाळवलं आणि पुन्हा मोजलं: ९५ सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर आटलं. हे आधी केलं नसतं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटलं असतं आणि वरची लुगड्याची ठिगळं, जी तीस वर्षांत आटायची तेवढी आटून बसली आहेत, त्यांच्यावर फुगवटे आले असते.

मापाचा प्रश्न उरला. सहा इंचांचे चौकोन उशीवर घेतले तर तीनसुद्धा धड बसत नाहीत, उशी वाकळेतून कापून काढल्यासारखी दिसते. मी कागदाचे चौकोन कापले, सहा, तीन आणि दोन इंचांचे, आणि काकूंच्या खाटेवर वाकळ पसरून त्यावर मांडून दारातून पाहिलं. दोन इंच बरोबर वाटला. लांबून पाहिलं की मोठ्या वाकळेचं धाकटं भावंड. ओळीत पाच, असे पंचवीस चौकोन. पाच मुद्दाम, कारण विषम संख्येलाच मध्य असतो. मध्यावर काय ठेवायचं यावर थोडी चर्चा झाली. लाल पदराचा तुकडा तेवढा उरला नव्हता, आणि मला तो तिथे नकोच होता. काकूंनी शेवाळी हिरवा निवडला. लाल वाकळेतच राहिला.

दुसऱ्यांदा फसलं ते इथे

मी सवयीने चौकोन यंत्रावर एकमेकांना जोडले, पाव इंच दाब, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, ठेवून. पहिली ओळ इस्त्री करताना तीन ठिकाणी शिवणीतून धागे सुटले. जुन्या कापडाला पाव इंचाचा दाब पुरत नाही. धागे आखूड राहतात आणि ओढ बसली की शिवणीतून निसटतात. यंत्राची सुई शिवाय एकाच रेषेत दाट भोकं पाडते, विरलेलं कापड त्या रेषेवर फाटतं.

काकू हे पाहून म्हणाल्या, "मशीनवर कशाला जोडतीस? मांड आणि दुमड." म्हणजे वाकळेत जे होतं तेच. तीन-तीन इंचांचे तुकडे कापले, चारही बाजूंनी अर्धा इंच आत दुमडून दोन इंचांचा चौकोन केला, मांजरपाटावर मांडून कच्च्या शिवणीने टाचला. अर्ध्या इंचाच्या दुमडीत कड सुरक्षित राहते आणि त्या जागी आपोआप दुहेरी कापड येतं. चौकोनांच्या दहा इंचांच्या पेटीभोवती साडेतीन इंचांची चौकट, एकाच लुगड्याच्या फिकट पिवळ्या अंगाची. सगळं मिळून सतरा.

मांजरपाट मात्र एकोणीस इंचांचं कापलं होतं. धावदोरा कापड ओढून घेतो, हे वाकळेवर दिसलंच होतं. आधी नेमकं माप कापून मग धावदोरा घातला तर उशी लहान होते. म्हणून मोठं कापून, चौकट कडेपर्यंत वाढवून, धावदोरा पूर्ण करून मगच दाबासकट अठरा इंचांवर छाटायचं. पहिल्या उशीला मी मोजलं, एकोणीसाचं अठराहून जेमतेम जास्त उरलं होतं. तेवढंच हातात होतं.

धावदोरा कुणी घालायचा? मी घालून पाहिला. माझे टाके सारखे, बारीक, आखल्यासारखे आले आणि वाकळेशेजारी परके दिसले. हाताची लय दुसऱ्याला येत नाही. तेव्हा काकूच बसल्या. वय अडुसष्ट, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. सुई मी ओवून द्यायची. सकाळी गेल्यावर मी वीस सुया ओवून उशीच्या कडेला ओळीने टोचून ठेवायचे. त्या मांडीवर कापड घेऊन, डावा हात खाली सरकवत, एका वेळी चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढायच्या. ओढला की डाव्या अंगठ्याने ओळीवरून एकदा मागे हात फिरवायच्या, चुण्या सारख्या बसवायला. तो अंगठ्याचा हात मी एकोणीस वर्षांत कधी केला नव्हता. वाकळेवरची लाट त्यानेच येते.

हिशेब करून पाहिला. सतरा इंचांपासून आत फिरत जाणाऱ्या, अर्ध्या इंचाच्या अंतराच्या ओळी धरल्या तर एका उशीला सुमारे ६१२ इंच, म्हणजे ५१ फूट धावदोरा होतो. इंचाला चार टाके, म्हणजे अडीच हजारांच्या जवळ. हे एका उशीच्या फक्त दर्शनी बाजूचं. एका उशीला काकूंच्या दोन दुपारी गेल्या.

मागची बाजू मी यंत्रावर केली, धुतलेल्या नव्या सुती कापडाची. रंग मातकट घेतला, रुमालाची परीक्षा करून. चेन लावली नाही. चेन उघडताना-लावताना ओढ पुढच्या जुन्या कापडावर येते. त्याऐवजी मागे दोन पट्टे एकमेकांवर पाच इंच चढतील असे ठेवले, आतली उशी तिथून सरकवायची. तीन-चार इंच चढवलं तर उशी फुगली की तोंड उघडं पडतं, पाच इंचांना ते झाकलेलं राहतं. पायपिंगही नाही. वाकळेची कड नुसती दुमडलेली आहे, तशीच उशीची ठेवली. कोपरे मात्र काटकोनात शिवायचे नसतात, तसे शिवले की भरल्यावर कुत्र्याच्या कानासारखे बाहेर येतात आणि आत पोकळ राहतात. कोपऱ्याच्या चार इंच आधीपासून शिवण हळूहळू आत घेत टोकाशी अर्धा इंच आत न्यायची. भरलेली उशी मग खरी चौकोनी दिसते.

आत काय भरायचं यावर नातीशी फोनवर बोलले. तिला कापूस हवा होता, आजीच्या घरी असतो तसा. मी नाही म्हटलं. कापूस वर्षभरात बसतो, गोळे होतात, मग पिंजून घ्यावा लागतो, आणि पुण्यात पिंजारी शोधणं सोपं नाही. कापसाची उशी जडही होते, तिचा भार जुन्या कापडावर पडतो. फायबरच्या तयार उश्या अठरा इंचांच्या घेतल्या, खोळ सतराची. आतली उशी एक इंच मोठी असली की खोळ भरलेली राहते आणि जुनं कापड घासत नाही, सैल खोळ सारखी हलते आणि दुमडीवर झिजते. लांबट उशी १२ बाय २० ची, तिला चौकोन नाहीत, फक्त पिवळ्या अंगावर आडवा एकच काठ. माझ्या मते चौघींत तीच सर्वात सुंदर झाली.

पैशांचं बोलायला हवं, कारण अशा कामात तेच राहून जातं. मांजरपाट, मागचं कापड, दोरा आणि आतल्या उश्या मिळून १,३२० रुपये. माझी मजुरी २,००० लावली, फसलेल्या नमुन्याचा खर्च त्यात धरला नाही, ती चूक माझी. बिलात तिसरी ओळ मी काकूंच्या नावाने लिहिली: धावदोरा, आठ दुपारी. काकू रागावल्या, "नातीकडून पैसे घिऊ व्हय?" पण मी ती ओळ खोडली नाही. आमच्याकडे कितीतरी बायका दुसऱ्यांच्या वाकळा शिवून देतात आणि नगावर ठरलेल्या थोडक्या पैशांत समाधान मानतात, कारण हे तास कुणी मोजतच नाही. निदान कागदावर तरी ते दिसायला हवेत. नातीने ती ओळ वाचली आणि आजीला परस्पर पैसे पाठवले, किती ते मी विचारलं नाही.

उश्या जानेवारीअखेर पुण्याला गेल्या. धुण्याबद्दल एवढंच सांगितलं: महिन्यातून एकदा सावलीत वारा द्यायचा, धुवायच्याच तर बादलीत, गार पाण्यात, सौम्य साबणाने, पिळायच्या नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायच्या. वाकळ आणि उश्या एकाच वेळी धुवायच्या, म्हणजे पुढचा रंग दोघींचा बरोबरीने उतरेल.

खणाचा तो नमुना काकूंनी मागून घेतला. त्यांच्या देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर आहे, तिथे तो लाल शोभतो. एकटाच आहे ना.

जूनमध्ये नातीचा फोन आला. हिरव्या चौकोनापाशी एक दोरा तुटला आणि बोटभर धावदोरा सुटला. मी म्हटलं, पाठवून दे, आजी घालतील. ती म्हणाली, "मावशी, मीच घातला. पांढरा दोरा नव्हता घरात, पिवळ्याने घातला. इंचात तीनच टाके आलेत." मी विचारलं, ओढल्यावर अंगठा फिरवलास का? तिला ते माहीत नव्हतं. मग फोन टेबलावर उभा करून ठेवला आणि रुमालावर एक ओळ घालून तिला दाखवली.